मृगाकडून हस्ताकडे

सोलापुरात आल्यावर पहिले काही महिने मला काहीच झालं नाही. घर सोडलं की पोरगी पहिल्या रात्रीच उशी भिजवणार, असं आईनं धरून ठेवलं होतं. तसं काही घडलं नाही. मी आले ती १९९८च्या जानेवारीअखेर, बँकेतल्या नोकरीवर हजर व्हायला. गड्ड्याची यात्रा अजून उठली नव्हती, होम मैदानावर पाळणे फिरत होते, रात्री चादर ओढून घ्यावीशी वाटणारी थंडी होती. बँकेतल्या मंडळींनी आल्या आल्या एका शेतावर हुरडा खायला नेलं. आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून दिलेला गरम हुरडा, सोबत शेंगाची चटणी. मी पोटभर खाल्लं आणि इथे मजेत आहे असं आईला फोनवर सांगितलं. खरंच होते.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, साखरप्यापासून आत. जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, वर कौलं, पुढे पडवी, चार पावलं खाली उतरलं की व्हाळ. साखरप्यावरून आंबा घाट चढणारा रस्ता कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूरला येतो आणि तसाच पुढे नागपूरला जातो. लहानपणी ज्या रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभी राहायचे, त्याच रस्त्यानं मी इकडे आले. त्याच महिन्यात, २६ जानेवारीला, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि गावातली पोरं मुंबईचे नवे बेत करू लागली. सोलापूरला निघालेल्या माणसाला त्या रेल्वेचा काडीचा उपयोग नव्हता.

खोली मिळाली पूर्व भागात, एका पद्मशाली कुटुंबाच्या माडीवर. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अम्मा म्हणायची, मीही म्हणू लागले. त्या दिवसभर ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या आणि शेजारणींशी तेलुगूत बोलायच्या. मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना होता, टॉवेलचा. माग रात्रीही चालायचे. पुढे पुढे त्या खटखटीत मला पागोळ्यांचा आवाज ऐकू येऊ लागला असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं कधी झालं नाही. मागाचा आवाज मागासारखाच यायचा आणि त्याची सवय झाली, एवढंच.

उन्हाळाही निभला. ४३ अंशांत डोक्याला पांढरा पंचा गुंडाळून बँकेत जायचं, संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, गच्चीवर झोपायचं. नळाला पाणी दिवसाआड यायचं, कधी त्याहून उशिरा. त्याचंही मला नवल नव्हतं. कोकणात पाऊस पडतो म्हणजे बारा महिने पाणी असतं, हा घाटावरच्या लोकांचा गैरसमज आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांवर टँकर जातात, आणि मी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी भरलेलं आहे.

मग जून आला.

मृग लागला त्या दिवशी मी सकाळपासून खिडकीशी जाऊन येत होते. आकाश पांढरंफटक. आठवडा गेला, तसंच. वारा मात्र सुटलेला, धुळीचा. बँकेत कुणीही आभाळाकडे बघत नव्हतं. शिपाईकाकांना म्हटलं, "पाऊस कधी येतो हो इथे?" ते म्हणाले, "येतंय की मॅडम, सप्टेंबरात." मला वाटलं चेष्टा करताहेत. पर्जन्यछायेचा प्रदेश आम्ही शाळेत भूगोलात शिकलो होतो, नकाशात रंगवलाही होता. पण आपण स्वतः त्या रंगवलेल्या भागात राहायला आलोय हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. सोलापूरला वर्षभरात मिळून साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमच्या जिल्ह्यात तीन हजारांच्या वर. घाटाखाली जुलैतल्या एखाद्या जोराच्या आठवड्यात सोलापूरचं अख्खं वर्ष पडून जातं.

आणि त्या जूनमध्ये मला ते झालं. काय झालं हे धड सांगता येत नाही. रडू वगैरे नव्हतं. झोप मोडायची, आणि जागी झाल्यावर मी नुसती ऐकत पडायचे. काय ऐकायचा प्रयत्न करतेय हे बऱ्याच रात्रींनी कळलं. आमच्याकडे झड लागली की घरात माणसं मोठ्यानं बोलतात. कौलांवर पाऊस, पागोळ्या, व्हाळाचा लोंढा, बेडूक. हळू बोलून भागतच नाही. चार महिने सगळं घर आरडाओरडा करत असतं आणि तेच पाठ झालेलं असतं. जेवण उतरेना. टाचा फुटल्या, ओठ फुटले. सगळ्यात विचित्र म्हणजे मला मिठाचा राग येऊ लागला. इथे बरणीतलं मीठ जूनमध्येही भुरभुरीत राहायचं. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, त्याच्या नावानं आई रोज करवादायची. आणि मी इथे कोरडं मीठ चमच्यानं उकरत, हे असं कसं, म्हणून चिडायचे. कुणाला सांगणार?

माणसांची आठवण येत होती का? येत होती, पण ती पेलता येण्यासारखी होती. आईशी बोलता येत होतं. जे नव्हतं ते बोलण्यातून मिळणारं नव्हतं. गावात फोन शेजारच्या काकांकडे होता. रविवारी रात्री एसटीडीचे दर उतरले की मी बूथवर जायचे आणि आई ठरलेल्या वेळी काकांच्या ओसरीवर येऊन बसलेली असायची. "पाऊस लागलाय गो. मिरग बरा निघाला," ती सांगायची. एकदा मी म्हटलं, "जरा रिसीव्हर बाहेर धर ना." तिला आधी कळेना. मग तिनं वायर पुरेल तेवढा तो पडवीच्या बाहेर धरला. मी बूथमध्ये कान लावून उभी, समोर मीटरचे लाल आकडे पळताहेत, आणि फोनमधून नुसती खरखर. तारेवरून पाऊस म्हणजे खरखरच. बूथवाल्यानं काच ठोकून विचारलं, "लागला नाही का मॅडम?" मी हो-नाही काहीतरी म्हटलं आणि पैसे दिले.

यावर उपाय म्हणून त्या पहिल्या एक-दोन वर्षांत मी जे जे केलं, त्यातलं बहुतेक सगळं उलटं पडलं. घरून उकडे तांदूळ आणले, कुळथाचं पीठ आणलं, आमसुलं तर डबाभर. रोज संध्याकाळी पेज आणि पिठी. चव तीच, पण चार घास झाले की समोरची कोरडी खिडकी जास्तच दिसायची. शहरातल्या कोकणी लोकांच्या एका मंडळात दर महिन्याला जायला लागले. चांगली माणसं होती, आपल्या बोलीत बोलायला मिळायचं. पण गप्पा ठरलेल्या. दहा मिनिटं फणस आणि बाकीचा वेळ सोलापूरला नावं ठेवणं: धूळ, ऊन, पाणी, माणसांचं "का बे, काय बे". तिथून मी जड होऊन परतायचे. वीस-वीस वर्षं इथे काढलेली माणसं कालच बॅग घेऊन उतरल्यासारखी बोलताना बघून मला भीतीच वाटली.

शनिवार-रविवारला जोडून रजा मिळाली की गावी पळायचे. कोल्हापूरला गाडी बदलायची. शाहूवाडी मागे पडली की रान हिरवं होत जायचं, आंबा आलं की बसमध्ये धुकं शिरायचं, आणि घाट उतरताना कानाला दडे बसून सुटायचे. तो क्षण इतका सुखाचा की पुढचे दोन दिवस मी त्याच्यावरच काढायचे. परतीची रात्र मात्र पहिल्यापेक्षा वाईट जायची. दर खेपेला सगळं नव्यानं तुटायचं. गणपतीला रजा मंजूर झाली नाही त्या वर्षी मी फार आकांडतांडव केलं, आणि गंमत अशी की त्या वर्षीचा सप्टेंबर मला इतर वर्षांपेक्षा हलका गेला. याचा अर्थ तेव्हा लावता आला नव्हता.

याच काळात कुठेतरी वाचलं की घरच्या ओढीला आजार ठरवणारा पहिला प्रबंध १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं स्वित्झर्लंडमध्ये लिहिला. पुढे तिथल्याच एका अभ्यासकानं कारण दिलं ते हवेच्या दाबाचं: डोंगरातली माणसं सपाटीवर उतरली की जड हवा त्यांच्या शरीराला दाबते, म्हणून ती झुरतात. आज हे वाचून कुणीही हसेल. मला हसू आलं नाही. शास्त्र चुकलं असेल, पण त्या माणसानं मनाला सोडून अंगाला विचारलं, हे मला पटलं. "मन घट्ट कर" हा सल्ला मला सगळ्यांनी दिला होता. मन घट्टच होतं. कान आणि कातडी ऐकत नव्हती.

अम्मांना हे मी कधी नीट सांगितलं नव्हतं, पण माडीवरची पोरगी पावसाळ्यात जेवत नाही हे त्यांनी बघितलं होतं. नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले होते. त्यांचे आजेसासरे निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून, हातमागावर काम करायला सोलापूरला आले. अम्मांचा स्वतःचा जन्म इथलाच. तरी घरात तेलुगू, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढे सगळं घर हजर, लग्नं तिकडच्या रीतीनं. म्हटलं, या बाईला विचारावं, तिला ठाऊक असणार.

"अम्मा, तिकडच्या गावाची आठवण येते का हो?"

"मी कुठं बघितलंय ते गाव?" त्या म्हणाल्या. "आठवण कशी येणार?"

"मग तुमच्या सासूबाईंना?"

"ती पण इथलीच. बाळीवेशीतली." हातातली विडी बांधून त्यांनी सुपात टाकली. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं ऐकायला मिळणार. त्या म्हणाल्या, "तू शेताकडं जातेस ना बँकेच्या गाडीतून? येताना गुनुगु आण. बतुकम्माला लागतंय. इथं बाजारात महाग देतेत."

तेव्हा मी पीककर्जाच्या टेबलावर होते आणि अधूनमधून साहेबांबरोबर पाहणीला जावं लागायचं. बतुकम्मा हा त्यांचा नवरात्राच्या सुमारासचा फुलांच्या देवीचा सण, पण गुनुगु म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. त्यांनी वाळलेला एक तुरा दाखवला, आणि मी ओट्यावर मोठ्यानं हसले. तो कुरडू होता. आमच्याकडे पावसाच्या सुरुवातीला कुरडूची कोवळी पानं खुडून भाजी करतात, टाकळ्यासारखीच. पानं निबर झाली, तुरे आले की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणजे आम्ही कुरडू जूनमध्ये खाऊन विसरायचो, आणि ही माणसं ऑक्टोबरमध्ये त्याचीच देवी मांडायची. झाड तेच. फक्त मी त्याच्या वर्षाचा एकच तुकडा ओळखत होते.

पाहणीला मोहोळच्या बाजूला गेलो तेव्हा बांधावर कुरडू उभा होता. मी मोळी बांधू लागले तसे तिथले खातेदार आजोबा बघतच राहिले. "मॅडम, ते तण हाय. त्याच्यावर कर्ज मिळतंय का?" मग म्हणाले, "हत्ती बरसला पायजे. नायतर तुमचं कर्ज बी तणच समजा." हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, हे कळायला मला क्षणभर लागला. वावर नांगरून, कुळवून तयार होतं. काळी जमीन, डोळे पोचतील तिथवर उघडी. इथली मुख्य ज्वारी रब्बीची, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायची, आणि परतीच्या पावसानं जमिनीत जी ओल मुरते तिच्यावर पुढचे चार महिने काढायची. वरून पुन्हा पाणी मिळेलच असं नाही. आमचं भात चिखलात जन्मतं आणि पाण्यात उभं राहतं. हे पीक एका पावसाची पुंजी पुरवून पुरवून खातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच जमिनीच्या जोरावर. मी हे सगळं फॉर्मवर भरत होते, हेक्टर आणि रक्कम आणि पीक, पण त्या दिवशीपर्यंत त्याचा आभाळाशी संबंध लावला नव्हता.

बतुकम्माच्या दिवसांत गल्लीतल्या बायकांनी ताटात थर लावले: तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, रंगवलेला कुरडू. मी आणलेला. मधे ठेवून गोल फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी. मला शब्द कळत नव्हते, पावलं जमत होती. आमच्या गौरीच्या फेरांशी त्याचं नातं लावायला मन धावत होतं, मी लावू दिलं नाही. कशाला लावायचं? ते त्यांचं होतं आणि छान होतं. शेवटच्या दिवशी सगळी रचना पाण्यात सोडून बायका घरी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी अम्मा पुन्हा सूप घेऊन बसल्या. त्यांनी मला काही शिकवायचं म्हणून हे केलं नव्हतं. पण कधी न पाहिलेल्या गावाचं जे करायचं ते नेमक्या दिवसांत मन लावून करायचं आणि मग हजार विड्या पुऱ्या करायच्या, ही पद्धत मला त्या मंडळातल्या दरमहा सुस्काऱ्यांपेक्षा बरी वाटली. मी मंडळात जाणं थांबवलं. पेज-पिठीही रोजची बंद केली. खालच्या माडीवरच्या एका बाईकडून कडक भाकरी करायला शिकले, ज्या अजूनही माझ्या धड गोल होत नाहीत.

त्या वर्षी हत्ती बरसला. दुपारी काउंटरवर असताना अंधारून आलं आणि सोलापुरी पाऊस आला: सुरुवात नाही, भुरभुर नाही, एकदम आडवा, विजांसकट. दिवे गेले. पासबुकं हातात घेऊन सगळे दाराशी गेले, मीही गेले. आणि मला जो आनंद झाला त्यात गाव नव्हतं. मला ते मोहोळचं वावर दिसत होतं. किती पडतोय, मुरतोय की वाहून जातोय, आजोबा आता वाफसा कधी येतो बघत बसले असतील, पेरणी कधी धरतील, असले हिशेब डोक्यात चालले होते. शिपाईकाका म्हणाले, "बघा मॅडम, म्हटलं हुतं ना." हे लक्षात यायला रात्र झाली की दुपारभर पाऊस पडला आणि मी एकदाही डोळे मिटून तो ऐकला नाही.

मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला आजोबांनी बँकेच्या सगळ्यांना शेतावर जेवायला बोलावलं. कडब्याची कोप, आतल्या लक्ष्मीची पूजा, मग आंबील, उंडे, बाजरीची भाकरी आणि भज्जी. ती भजी नव्हे, भाज्या आणि कडधान्यं एकत्र शिजवून केलेली पातळ भाजी. ज्वारी कमरेपर्यंत आली होती. मला फार भूक लागली होती एवढं आठवतं.

सगळं बरं झालं असं नाही. जून अजूनही कठीण जातो. फरक इतकाच की आता मला तो येणार हे ठाऊक असतं आणि मी त्याला त्याचे दहा-बारा दिवस देते. त्या दिवसांत घरचे मला फार विचारत नाहीत. (लग्न इथल्याच माणसाशी झालं, तो वेगळा विषय आहे.) जुलैपासून मी इथली होते आणि उत्तरा लागल्या की सगळ्या सोलापूरबरोबर आभाळाकडे बघायला लागते. आई गेली त्या पावसाळ्यात यातलं काहीच चाललं नाही, पण ते दुःख निराळं होतं, त्याला गावाच्या ओढीत मी मिसळत नाही.

गावचं घर आता भावाकडे आहे. दर मे महिन्यात तो कौलं उतरवून शाकारणी करतो, आणि दर वर्षी माणसं मिळणं अवघड होत चाललंय. वानरं तर टोळ्यांनी येतात, एका उडीत दहा-पंधरा कौलं फुटतात. काही वर्षांपूर्वी त्यानं पत्रा घालायचं काढलं तेव्हा मी सोलापुरातून फोनवर भांडले होते. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे डोक्यावर डबे वाजवल्यासारखा, घराची कळा जाईल, आईला काय वाटेल, असं बरंच. तो गप्प बसला आणि पुढची काही वर्षं गळक्या जागी पातेली मांडत राहिला.

यंदा एप्रिलमध्ये त्याचा पुन्हा फोन आला. जरा घाबरतच बोलत होता.

"ताई, माजघरावरचे वासे पण गेलेत. काय करू?"

"पत्रा घाल," मी म्हटलं. "गळतं ते तुला निपटावं लागतं. मी इथे बसून काय बोलायचं? माझा वाटा किती होतो ते सांग, पाठवते."

तिकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "रंग कुठला घालू?"

"कुठलाही घाल. निळा सोडून."